एक चंद्र, दोन कॅमेरे

१ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात चामा नदीच्या खोऱ्यात दिवसभर हिंडून ॲन्सेल ॲडम्स हे छायाचित्रकार सांता फे शहराकडे परतत होते. सोबत आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि जुने मित्र सेड्रिक राइट होते. दिवस जवळजवळ वाया गेला होता. हर्नांडेझ नावाच्या लहानशा खेड्याजवळून मोटार जात असता त्यांची नजर डावीउजवीकडे गेली आणि त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पूर्वेला बर्फाच्छादित डोंगरांवर चंद्र वर आला होता आणि पश्चिमेकडून येणाऱ्या मावळत्या उन्हात दफनभूमीतील पांढरे क्रूस उजळून निघाले होते. ऊन ढगाआड जाण्यास फार वेळ उरला नव्हता.

ॲडम्स यांच्यापाशी होता तो आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा मोठा कॅमेरा. तो तिपाईवर चढवायचा, भिंग बसवायचे, काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवर प्रतिमा जुळवायची, मग फिल्मचा होल्डर सरकवायचा. ही सगळी कामे होत असताना प्रकाशमापक सापडेना. त्या घाईतही त्यांना एक आकडा आठवला. चंद्राच्या पृष्ठभागाची तेजस्विता किती असते हे त्यांना पाठ होते. त्या आकड्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला, भिंगाचे छिद्र एफ ३२ वर आणले आणि एक सेकंद प्रकाश दिला. सावधगिरी म्हणून दुसरे चित्र घ्यावे, यासाठी त्यांनी होल्डर उलटा केला. पण तेवढ्यात क्रूसांवरचे ऊन निघून गेले होते. एक निगेटिव्ह, एवढीच त्या संध्याकाळची मिळकत. ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या नावाने ते चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले आणि त्या एका निगेटिव्हवरून त्यांनी आयुष्यभरात तेराशेहून अधिक प्रती काढल्या.

यानंतर एकोणीस वर्षांनी, २८ डिसेंबर १९६० रोजी, कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत तोच चंद्र आणि तेच ॲडम्स पुन्हा समोरासमोर आले. हाफ डोम या प्रचंड कातळाच्या कड्याशेजारी दुपारच्या उतरत्या प्रकाशात चंद्र वर येत होता. त्या वेळी ॲडम्स यांच्या हाती मोठा कॅमेरा नव्हता. तळहातांत मावेल असा हॅसलब्लाड कॅमेरा होता, त्याला २५० मिलिमीटरचे लांब पल्ल्याचे भिंग होते आणि आत रोलची फिल्म होती. तेही चित्र, ‘मून अँड हाफ डोम’, तितकेच नावाजले गेले.

मोठ्या कॅमेऱ्याचा जगातील सर्वांत नामवंत पुरस्कर्ता मध्यम आकाराच्या कॅमेऱ्याकडे का वळला, आणि वळूनही त्याच्या कामाचा दर्जा का उतरला नाही, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. डिजिटल कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आल्यानंतरही अनेक तरुण हौसेने फिल्मकडे वळत आहेत. पस्तीस मिलिमीटरच्या साध्या फिल्मवर हात बसला की त्यांच्यापुढे हाच पेच उभा राहतो. यापुढे मध्यम आकार घ्यावा की मोठा? दोन्ही वाटा खर्चाच्या आहेत आणि चुकीच्या निवडीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही.

बारा संधी की एक?

मध्यम आकार म्हणजे १२० क्रमांकाची रोल फिल्म. कोडॅक कंपनीने ती १९०१ मध्ये बाजारात आणली आणि ती आजही बनते. रुंदी सुमारे सहा सेंटिमीटर. कॅमेऱ्याच्या रचनेप्रमाणे तिच्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरची बारा, सहा बाय सातची दहा किंवा सहा बाय नऊची आठ चित्रे बसतात. मोठा आकार म्हणजे सुट्या तावांची फिल्म. चार बाय पाच इंच आणि आठ बाय दहा इंच ही तिची सर्वाधिक रूढ मापे. तिचा प्रत्येक ताव अंधारात होल्डरमध्ये भरावा लागतो. एका होल्डरमध्ये पाठपोट दोन ताव बसतात. म्हणजे बारा चित्रांसाठी सहा होल्डर वाहून न्यावे लागतात.

व्यापारी घरातील माणसाला येथे एक हिशेब सहज पटेल. १२० च्या एका रोलमधील फिल्मचे एकूण क्षेत्रफळ आणि आठ बाय दहाच्या एका तावाचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखे असते. चार बाय पाचचे चार ताव घेतले तरी तेवढेच क्षेत्रफळ भरते. माल तेवढाच, धुण्याची रसायनेही साधारण तेवढीच. मात्र एका ठिकाणी त्यातून बारा संधी मिळतात, दुसऱ्या ठिकाणी चार आणि तिसऱ्या ठिकाणी एकच. भांडवल बारा ठिकाणी विभागावे की एकाच सौद्यात गुंतवावे, असा हा प्रश्न आहे; आणि पेढीवर बसणाऱ्याला ठाऊक असते की या प्रश्नाला सर्वकाळ लागू पडणारे उत्तर नसते.

एकाच सौद्यात गुंतवण्याची सवय माणसाला काय शिकवते, याचे उदाहरण ॲडम्स यांच्याच तारुण्यात सापडते. १० एप्रिल १९२७ रोजी, पंचवीस वर्षांच्या वयात, ते भावी पत्नी व्हर्जिनिया बेस्ट आणि काही मित्रांसह हाफ डोमच्या खांद्यावरील एका सुळक्याकडे चढून गेले. पाठीवर कॅमेरा, भिंगे, तिपाई आणि काचेच्या बारा प्लेटा होत्या. वाटेत एकेक प्लेट खर्च होत गेली, काही वाया गेल्या. ज्या दृश्यासाठी चढाई केली होती ते समोर आले तेव्हा हाती दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून घेतली. घेतल्याबरोबर त्यांच्या लक्षात आले की आकाश फिकट येईल आणि कड्याची जी दरारा वाटणारी प्रतिमा मनात आहे ती कागदावर उतरणार नाही. शेवटच्या प्लेटीसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला आणि पाच सेकंद प्रकाश दिला. आकाश जवळजवळ काळे आले, कडा त्यातून उसळून वर आला. ‘मोनोलिथ’ या नावाचे ते चित्र त्यांच्या कलाजीवनाचा आरंभ मानले जाते.

हाती शंभर प्लेटा असत्या तर ते लाल फिल्टरचा एवढा विचार करते का, हे सांगणे कठीण आहे. एवढे मात्र निश्चित की शेवटच्या एका प्लेटीने त्यांना चित्र घेण्यापूर्वी ते मनात पूर्ण पाहण्यास भाग पाडले. मोठ्या फिल्मचे पहिले देणे हेच आहे. ती माणसाचा हात थांबवते.

मोठ्या कॅमेऱ्याचे देणे

दुसरे देणे कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. मोठ्या कॅमेऱ्यात पुढे भिंगाची पाटी, मागे फिल्मची पाटी आणि दोहोंमध्ये कापडी किंवा चामड्याचा भाता असतो. या दोन्ही पाट्या परस्परांपासून स्वतंत्रपणे वरखाली, डावीउजवीकडे सरकवता येतात, तिरक्या करता येतात. मंदिरासमोरील उंच मानस्तंभाचे चित्र साध्या कॅमेऱ्याने घेणाऱ्याला एक अडचण हमखास येते. शिखर चित्रात आणण्यासाठी कॅमेरा वर कलवला की स्तंभ मागे झुकल्यासारखा दिसतो आणि त्याच्या सरळ कडा वर जाताना एकमेकींकडे येतात. मोठ्या कॅमेऱ्यात मागची पाटी ओळंब्यात ठेवायची आणि पुढची पाटी केवळ वर सरकवायची. शिखर चित्रात येते आणि स्तंभही ताठ राहतो. वास्तूंची चित्रे घेणारे पिढ्यान्‌पिढ्या मोठा कॅमेरा सोडीत नाहीत, याचे मुख्य कारण हे आहे.

पाटी तिरकी करण्याचा उपयोग वेगळा. पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सर्व काही रेखीव हवे असेल, तर भिंग किंचित पुढे झुकवून रेखीवपणाचे प्रतल जमिनीसोबत आडवे करता येते. या भूमितीचा नियम थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन सैनिकी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो.

तिसरे देणे धुलाईतील स्वातंत्र्याचे. प्रत्येक ताव सुटा असल्यामुळे ज्याची त्याची धुलाई वेगळी ठेवता येते. ढगाळ दिवसाचे मवाळ दृश्य थोडे अधिक वेळ धुऊन उठावदार करता येते. भर उन्हातील कठोर दृश्य कमी धुऊन आटोक्यात ठेवता येते. ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी विकसित केलेली ‘झोन पद्धती’ याच शक्यतेवर उभी आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची उतरंड कल्पून दृश्यातील कोणता भाग कोणत्या पायरीवर यावा हे आधी ठरवायचे आणि त्याप्रमाणे प्रकाश व धुलाई यांचे प्रमाण बांधायचे, हे तिचे सार. हर्नांडेझच्या संध्याकाळी चंद्राच्या तेजस्वितेचा आकडा त्यांनी याच पद्धतीने उपयोगात आणला.

आता या देण्यांच्या समोरची बाजू. फिल्म मोठी झाली की तेवढेच दृश्य टिपण्यासाठी भिंगही लांब लागते. सहा बाय सहाला ८० मिलिमीटरचे भिंग जे दृश्य दाखवते, त्यासाठी चार बाय पाचला १५० चे आणि आठ बाय दहाला ३०० चे लागते. भिंग लांबले की एकाच वेळी रेखीव राहणारी खोली कमी होते आणि ती परत मिळवण्यासाठी छिद्र लहान करावे लागते. सहा बाय सहावर एफ ११ ने जे साधते, त्यासाठी आठ बाय दहावर सुमारे एफ ४५ पर्यंत जावे लागते. हे चार पायऱ्यांचे अंतर आहे. म्हणजे प्रकाश सोळापट अधिक काळ द्यावा लागतो. जेथे मध्यम कॅमेऱ्याचे काम सेकंदाच्या पंधराव्या भागात होते, तेथे मोठा कॅमेरा एक सेकंद मागतो. एका सेकंदात कातळ हलत नाही. पण गवत हलते, झाडाचे पान हलते आणि आजोबांच्या मांडीवर बसलेले नातवंड तर हमखास हलते.

शिवाय दुधी काचेवरील प्रतिमा उलटी दिसते. होल्डर बसवला की ती प्रतिमाही दिसेनाशी होते आणि त्यानंतर दृश्यात जे घडते ते केवळ डोळ्यांनी पाहायचे. होल्डरची काळी पट्टी काढण्यास विसरणे, शटर उघडे ठेवून पट्टी काढणे, एकाच तावावर दोनदा चित्र घेणे, होल्डर भरताना धुळीचा कण आत जाणे, या चुका मोठ्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक उपासकाने केलेल्या असतात. रोलमधील एक चित्र बिघडले तर अकरा उरतात. येथे बिघडले तर त्या दिवसाची सारी मिळकत जाते.

मध्यम कॅमेऱ्याचे देणे

स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४८ मध्ये आपला सहा बाय सहाचा कॅमेरा बाजारात आणला. १९५० च्या दशकात ॲडम्स यांनी या कंपनीचे कॅमेरे वापरून पाहिले आणि आपले अभिप्राय कंपनीला कळवत राहिले. या कॅमेऱ्यात भिंग, मधला सांगाडा आणि फिल्मची डबी हे तीन भाग वेगळे होतात. या डबीने ॲडम्स यांची मोठी अडचण दूर केली. रोल धुताना बाराही चित्रांना एकच धुलाई मिळते. तावासारखे प्रत्येकाचे लाड करता येत नाहीत. म्हणून त्यांनी वेगवेगळ्या डब्या बाळगण्याची पद्धत ठेवली. एक डबी सामान्य धुलाईची, एक अधिक धुलाईची, एक कमी धुलाईची. दृश्य पाहून त्या प्रकारची डबी लावायची. तावाचे स्वातंत्र्य अशा रीतीने रोलमध्येही बऱ्याच अंशी आणता आले.

हीच सुटी डबी पुढे मोठ्या प्रवासाला गेली. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जो हॅसलब्लाड वापरला, तो परतताना वजन वाचवण्यासाठी तेथेच ठेवण्यात आला आणि चित्रे असलेली फिल्मची डबी तेवढी पृथ्वीवर आणण्यात आली.

हाफ डोमच्या चित्रात मध्यम आकाराने आणखी एक गोष्ट शक्य केली. दूरचा चंद्र आणि कडा यांना चित्रात मोठे स्थान द्यायचे तर लांब पल्ल्याचे भिंग हवे. सहा बाय सहाला २५० मिलिमीटर पुरले. तेवढेच दृश्य आठ बाय दहाच्या तावावर टिपायचे झाले असते तर सुमारे ९० सेंटिमीटर पल्ल्याचे भिंग आणि तेवढाच लांब ताणलेला भाता लागला असता. असे धूड वाऱ्यात स्थिर ठेवणे अवघड. चंद्र दर मिनिटाला वर सरकत असतो आणि कड्यावरची सावली वाढत असते. तेथे जुळवाजुळवीला लागणारा वेळ हाच खरा खर्च होता. ॲडम्स तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. पंचवीस वर्षांच्या पाठीने उचललेले ओझे अठ्ठावन्न वर्षांच्या पाठीकडून उचलवून घेण्यात शौर्य असेल, शहाणपण असेलच असे नाही.

चालत्या माणसांचे, उत्सवाचे, लग्नाचे, लहान मुलांचे चित्र घ्यायचे तर मध्यम कॅमेऱ्याला पर्याय नाही. कमरेशी धरलेल्या कॅमेऱ्यात वरून खाली पाहणारा छायाचित्रकार समोरच्यावर रोखलेला वाटत नाही. माणसे मोकळी राहतात. उलटपक्षी, मोठ्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला आपण एका गंभीर प्रसंगाला सामोरे जात आहोत याची जाणीव होते. तो स्थिर होतो आणि चेहऱ्यावर एक वेगळी एकाग्रता येते. घरातील वडीलधाऱ्यांचे एकच, पण पुढच्या पिढ्यांनी भिंतीवर ठेवावे असे चित्र घ्यायचे असेल, तर त्या स्थिरतेचे मोल फार मोठे ठरते.

फरक किती आणि कोठे दिसतो?

मोठ्या फिल्मचे चित्र अधिक रेखीव, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. समजा, चाळीस सेंटिमीटर बाजूची चौकोनी प्रत काढायची आहे. सहा बाय सहाची निगेटिव्ह त्यासाठी सुमारे सातपट मोठी करावी लागते, चार बाय पाचची चारपट आणि आठ बाय दहाची केवळ दुप्पट. सातपट वाढीत बारीक कणांची फिल्म, चांगले भिंग आणि भक्कम तिपाई असेल तर कण सहसा डोळ्यांना बोचत नाहीत. फरक जाणवतो तो छटांच्या सलगतेत, राखाडीतून राखाडीत होणाऱ्या मऊ उतारात. प्रत एक मीटरच्या घरात गेली की तो फरक कोणालाही दिसतो. घरातील वहीत चिकटवायच्या किंवा टेबलावर ठेवायच्या प्रतीत तो शोधावा लागतो.

आणखी एक सत्य ध्यानात ठेवावे. तिपाईवाचून, घाईत घेतलेले मध्यम आकाराचे चित्र आपली निम्मी गुणवत्ता तेथेच गमावते. तर जड म्हणून कपाटात पडून राहिलेल्या मोठ्या कॅमेऱ्याची गुणवत्ता शून्य असते. ‘मूनराइज’ची मूळ निगेटिव्हही निर्दोष नव्हती. खालचा भाग फार पातळ आला होता. १९४८ मध्ये ॲडम्स यांनी तो भाग रसायनाने गडद करून घेतला आणि प्रती काढताना वर्षानुवर्षे आकाश अधिकाधिक काळे केले. आकाराने मोठी असूनही ती निगेटिव्ह श्रमाविना मोठी झाली नाही.

एक हिशेब आधीचा

या मासिकाच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे अगत्याचे आहे. फिल्मवरील चांदीचे क्षार ज्या थरात धरून ठेवलेले असतात तो थर जिलेटिनचा असतो आणि हे जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून तयार होते. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनचा थर सुचवला आणि तेव्हापासून फिल्म असो वा छायाचित्राचा पारंपरिक कागद, दोन्ही त्यावरच उभे राहिले. म्हणून मध्यम की मोठा या प्रश्नाच्या आधी फिल्म वापरावी की नाही, हा प्रश्न ज्या घरांत उपस्थित होईल तेथे तो टाळू नये. ज्यांना हे मान्य होणार नाही, त्यांच्यासाठी डिजिटल कॅमेऱ्याचा मार्ग मोकळा आहे, आणि पाहण्याची जी शिस्त येथे वर्णिली आहे ती त्या कॅमेऱ्यानेही अंगी बाणवता येते.

ज्यांनी विचारपूर्वक फिल्म स्वीकारली आहे त्यांनाही क्षेत्रफळाचा हिशेब येथे उपयोगी पडावा. आठ बाय दहाचा एक ताव म्हणजे बारा चित्रांचा एक रोल. मोठा ताव न विचार करता खर्चणे हा पैशांचा अपव्यय तर आहेच, त्याहून अधिक मोलाच्या गोष्टीचाही आहे. आणि रोलमध्ये बारा संधी आहेत म्हणून बाराही उधळणे हाही तोच दोष. संयम तावाने शिकवला तर तो रोलमध्येही पाळता आला पाहिजे.

निवड करताना

मग नवख्याने निर्णय कसा घ्यावा? कॅमेऱ्यांची वर्णने वाचण्यापूर्वी त्याने स्वतःची मागील वर्षाची चित्रे समोर मांडावीत आणि स्वतःस काही प्रश्न विचारावेत. आपल्या आवडत्या चित्रांत माणसे अधिक आहेत की वास्तू आणि निसर्ग? चित्रातील वस्तू आपल्यासाठी एक मिनिट थांबेल का? आपण चालत किती दूर जातो आणि पाठीवर किती ओझे पेलतो? प्रत किती मोठी काढणार आहोत? घरात पूर्ण अंधार करता येईल अशी एखादी खोली आहे का? तावाची फिल्म भरणे आणि धुणे हे काम बाहेर सोपवणे सोपे नाही. रोल धुऊन देणारे तुलनेने अधिक सापडतात. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात एके काळी ‘इंदू’ नावाची फिल्म बनत असे. तो कारखाना बंद पडल्यामुळे आता परदेशी फिल्मवरच भिस्त आहे आणि प्रत्येक ताव जपून वापरण्याला तेही एक कारण आहे.

उत्तरे माणसांकडे, प्रवासाकडे आणि कौटुंबिक प्रसंगांकडे झुकत असतील तर मध्यम आकार घ्यावा. एक कॅमेरा, एक साधारण पल्ल्याचे भिंग, एक प्रकाशमापक आणि चांगली तिपाई एवढ्यावर वर्षभर काम करावे. उत्तरे मंदिरे, वाडे, वृक्ष, स्थिर वस्तू आणि शांत बसवून घेतलेली व्यक्तिचित्रे यांच्याकडे जात असतील, आणि महिन्याला चार चित्रांवर समाधान मानण्याची तयारी असेल, तर मोठा आकार घ्यावा. मात्र आरंभ चार बाय पाचपासून करावा. त्यात पाट्या सरकवण्याचे सर्व शिक्षण मिळते आणि एका चुकीची किंमत आठ बाय दहाच्या चौथ्या भागावर येते. जुना कॅमेरा विकत घेताना अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा धरून कोठे प्रकाश झिरपतो का, हे पाहिल्याशिवाय सौदा करू नये. शक्य असेल तर आधी कोणाचा तरी कॅमेरा उसना घेऊन दोन-चार दिवस वापरावा. पाठीला आणि धीराला जे कळते ते वर्णने वाचून कळत नाही.

आणि निवड एकदाच करायची असते, हाही समज सोडावा. ॲडम्स यांनी मोठा कॅमेरा नाकारून मध्यम स्वीकारला नाही. १९२७ च्या एका प्लेटीने आणि १९४१ च्या एका तावाने जे शिकवले, ते घेऊनच ते १९६० च्या रोलकडे आले. हाफ डोमशेजारी चंद्र दिसताच चित्र मनात उभे राहिले, ते बारा संधी हाती होत्या म्हणून नव्हे. एकच संधी असताना कसे पाहायचे हे त्यांना ठाऊक होते म्हणून.

१९८४ मध्ये ॲडम्स यांचे निधन झाले. ॲरिझोना विद्यापीठातील छायाचित्र-संग्रहालयात आज त्यांच्या निगेटिव्ह जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत हर्नांडेझच्या चंद्राचा पानाएवढा ताव आहे आणि तळहातापेक्षाही लहान असे हाफ डोमच्या चंद्राचे चौकोनी चित्रही आहे.